एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय आणि घरात हळद, गुळवेल, ग्रीन टी आहे: काय घ्यायचं, कसं घ्यायचं आणि काय अजिबात करायचं नाही

रिपोर्ट हातात आला की आपण सगळ्याजणी एकच करतो, फोन उघडतो आणि "एचपीव्ही घरगुती उपाय" असं टाकतो. मीपण तेच केलं होतं. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल, त्याखाली एक ओळ, हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह, १६ आणि १८ निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाल्या वर्षाने परत टेस्ट करू, आत्ता औषध काही नाही. म्हणजे हाय रिस्क पण म्हणायचं आणि वर औषध नाही पण म्हणायचं, मग बाईने वर्षभर करायचं काय? त्या रिकाम्या वर्षात हातात काहीतरी हवं असं वाटतं आणि काढे, कॅप्सूल, लेप सगळं तिथूनच घरात येतं. वनस्पतींवर माझा राग नाही, मी स्वतः घेतल्यात, पण कुठली कशी घ्यायची, कधी बंद करायची आणि कुठल्या रिपोर्टवर त्यांच्या नादाला लागायचंच नाही हे मला तेव्हा कुणी एका जागी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आधी रिपोर्ट वाचायला शिका, हळदीचं नंतर बघू.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, हा एकच व्हायरस नाही, त्याचे २०० पेक्षा जास्त प्रकार आहेत, त्यातले ४० च्या आसपास जननेंद्रियांच्या भागात राहतात आणि त्यातले १४ च्या आसपास हाय रिस्क म्हणजे कॅन्सरकडे नेऊ शकणारे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के एकट्या १६ आणि १८ नंबरमुळे होतात. हा संबंध शोधून काढला जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांनी, त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. ६ आणि ११ नंबरने चामखिळी येतात, त्या दिसायला भयंकर पण कॅन्सरवाल्या नसतात. आणि एक लक्षात ठेवा, व्हायरस अंगात असणं वेगळं आणि पेशी बिघडणं वेगळं. पहिलं एचपीव्ही टेस्टमध्ये कळतं, दुसरं पॅप स्मिअर किंवा बायोप्सीत, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासतात त्यात.

तर तुमचा रिपोर्ट कुठे बसतो ते बघा. १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असेल तर पॅप नॉर्मल असला तरी कॉल्पोस्कोपी करायची, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड नीट बघून घ्यायचं. इतर हाय रिस्क पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा वर्षाने परत टेस्ट, माझं हेच होतं. सीआयएन म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींचा कॅन्सरच्या आधीचा बिघाड, १ सगळ्यात हलका, ३ सगळ्यात जास्त. बायोप्सीत सीआयएन १ आलं तर तेही बहुतेकदा आपोआप बरं होतं, नुसतं लक्ष ठेवतात. सीआयएन २ ला वय आणि पुढे मूल हवंय का हे बघून डॉक्टर ठरवतात. पण सीआयएन ३ किंवा पॅपमध्ये एचएसआयएल (म्हणजे पेशींचा जास्त बिघाड) असे शब्द दिसले तर ही पोस्ट तुमच्यासाठी इथेच संपते, पुढचं वाचू नका, सरळ अपॉइंटमेंट घ्या. उगाच घाबरवत नाहीये. न्यूझीलंडमध्ये एका काळी अशा काही बायकांना पुरते उपचार न देता नुसतं बघत राहिले होते, नंतर त्यावर मोठी चौकशी झाली, आणि २००८ मध्ये जो हिशोब छापून आला त्यात ३० वर्षांत त्यातल्या ३१ टक्के बायकांना कॅन्सर झालेला होता. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्यापेक्षाही कमी होतं. आणि उपचार म्हणजे काय तर लीप, तेवढी जागा बधिर करून बिघडलेला भाग तारेच्या छोट्या लूपने काढतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. एवढं हातात असताना काढा पीत अंगावर काढणं म्हणजे स्वतःवरच अन्याय आहे.

एचआयव्ही असेल, किंवा ट्रान्सप्लांट वगैरेमुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तुमचं वेळापत्रक वेगळं असतं, तुम्हाला वाट बघायला इतरांइतका वेळ नसतो, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

आता गुण येण्याबद्दल. हे नीट समजून घ्या कारण सगळी फसवाफसवी इथेच होते. एचपीव्ही झालेल्या १० पैकी ९ जणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो, आपलीच प्रतिकारशक्ती त्याला दाबते किंवा घालवते. म्हणजे या दोन वर्षांत तुम्ही हळद घ्या, गुळवेल घ्या, नाहीतर रोज सकाळी एक चमचा साधं पाणी प्या, रिपोर्ट निगेटिव्ह यायची शक्यता भरपूरच आहे आणि जे घेतलं त्याला गुण आला असं आपण म्हणणार. "मी सहा महिने अमुक चूर्ण घेतलं आणि एचपीव्ही गेला" असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटतं.

याचं एक चांगलं उदाहरण आहे. २०१३ साली एक अभ्यास छापून आला, हळदीतलं कर्क्युमिन, आवळा, रिठा आणि कोरफड असलेलं एक क्रीम एचपीव्ही असलेल्या बायकांना रोज एकदा असं ३० दिवस आत लावायला दिलं, पाळीचे दिवस सोडून. क्रीमवाल्या ८७.७ टक्के बायकांचा व्हायरस गेला. वाचलं की वाटतं झालं, मिळालं औषध! पण ज्यांना औषध नसलेलं नुसतं दिसायला तसलंच दिलं होतं त्यांच्यातही ७३.३ टक्क्यांचा गेला. म्हणजे क्रीमचा फरक जो काही आहे तो मधल्या १४ टक्क्यांचा, बाकी सगळं शरीराचं काम. आणि नुसत्या कर्क्युमिनच्या, आत ठेवायच्या कॅप्सूलवाल्यांचा आकडा ८१.३ होता, तो फरक हिशोबात टिकला नाही. म्हणून कुणी कुठल्याही औषधाचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा, न घेणाऱ्यांचं काय झालं?

आणि प्लीज, तो अभ्यास वाचून घरी हळदीची पेस्ट करून आत लावू नका. ते क्रीम प्रयोगशाळेत तयार केलेलं, तपासलेलं होतं, आणि ज्या बायकांना दिलं त्यांच्यात पुढच्या पायरीचा बिघाड नाही हे आधी बघून घेतलं होतं.

आता एकेक वनस्पती घेऊ. माझा नियम असा, एका वेळी एकच घ्यायची, तोंडानेच घ्यायची आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवायची. पाच चूर्णं एकदम सुरू केली आणि अंगावर पुरळ आलं की कशामुळे आलं ते कळत नाही.

हळद. प्रयोगशाळेत कर्क्युमिन व्हायरसच्या ई६ आणि ई७ या दोन प्रोटीन्सना दाबतं हे दिसलंय, आणि हीच दोन प्रोटीन्स आपल्या पेशींचे ब्रेक मोडतात, म्हणून सगळीकडे हळदीचं एवढं कौतुक. पण काचेच्या बशीतल्या पेशींवर थेट टाकलेली हळद आणि आपण गिळलेली हळद यात खूप अंतर आहे, पोटातून रक्तात ती फारच थोडी जाते. मिरीतल्या पिपेरिनने जास्त जाते म्हणून कॅप्सूलमध्ये ते घालतात, आणि तिथेच सांभाळायचं, कारण अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. मी दूधहळद घेत होते, पाव ते अर्धा चमचा, एवढ्याने त्रास सहसा होत नाही. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कॅप्सूलच्या भानगडीत पडू नका. बायोप्सी किंवा लीप ठरली असेल तर हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद करायच्या आणि डॉक्टरांना तसं सांगायचं, रक्तस्रावाचा प्रश्न असतो.

ग्रीन टी. या सगळ्यात खरं मान्यताप्राप्त औषध कुठल्या वनस्पतीपासून झालं असेल तर हिच्यापासून. ग्रीन टीच्या अर्काचं मलम, त्याचं नाव सिनेकॅटेचिन्स, अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये मंजूर केलं. पण कशासाठी? बाहेरच्या चामखिळींसाठी. दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त १६ आठवडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि आत लावायचं नाही हे स्पष्ट लिहिलेलं. आतल्या इन्फेक्शनला ते नाही. प्यायचा ग्रीन टी दिवसाला दोन तीन कप खुशाल प्या, फक्त लोहाच्या गोळीसोबत नको, लोह अंगी लागत नाही, मध्ये तास दोन तासाचं अंतर ठेवा. अर्काच्या कॅप्सूल मात्र वेगळं प्रकरण आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) सप्लिमेंटमधून घेतलं तर लिव्हरवर परिणाम दिसतो, आणि उपाशीपोटी घेतलं तर धोका वाढतो. वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये पण हेच असतं, दोन्ही मिळून किती होतं ते लेबलवर बघा.

एएचसीसी. ही वनस्पती नाही, शिटाके मशरूमच्या तंतूंपासून केलेला अर्क आहे, पण हर्बल म्हणूनच विकला जातो म्हणून घेतेय. यामागे मला सगळ्यात कामाचा वाटलेला अभ्यास आहे, कारण त्यात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ व्हायरस चिकटून बसलेल्या बायका होत्या, म्हणजे ज्यांचा आपोआप जायची शक्यता कमी. २०२२ मध्ये छापून आला, रोज ३ ग्रॅम उपाशीपोटी असं सहा महिने. घेणाऱ्या २२ पैकी १४ जणींचा गेला, न घेणाऱ्या १९ पैकी दोघींचा. आशा वाटावी असं आहे, पण माणसं किती थोडी ते बघा, ४१. एवढ्यावर हमी कुणी देऊ नये. महागही आहे, त्यामुळे घ्यायचंच असेल तर व्हायरस खरंच चिकटून बसलाय हे दुसऱ्या टेस्टमध्ये कळल्यावर विचार करा, पहिल्याच महिन्यात पैसे घालू नका.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली. यांच्यापासून इंडोल थ्री कार्बिनॉल तयार होतं. २००० साली सीआयएन असलेल्या ३० जणींवर छोटा प्रयोग झाला होता, औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा बिघाड मागे गेला, न घेणाऱ्यांत एकीचाही नाही. पण तीस जणीच, आणि ती कॅप्सूल होती, कोबीची भाजी नाही. भाजी खाच, त्यात फोलेट हे बी गटातलं व्हिटॅमिन असतं आणि अंगात फोलेट कमी असलेल्यांमध्ये हा व्हायरस जास्त टिकतो असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

गुळवेल आणि अश्वगंधा. "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हटलं की ही दोन नावं येतातच. एचपीव्ही घालवतात असं दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या डोळ्यासमोर नाही, आणि दोन्हींनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मात्र डॉक्टरांनी नोंदवल्यात. गुळवेलीत विशेषतः ज्यांना आधीच ऑटोइम्युन आजार आहे त्यांना सांभाळायला हवं, शिवाय तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते ती वेगळीच. अश्वगंधा थायरॉइडचे आकडे हलवते आणि दिवस गेलेले असताना घ्यायची नाही. वैद्यांकडून घेत असाल तर त्यांना तुमचा एचपीव्हीचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, आणि एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी सुरू करताना एकदा आणि दीड दोन महिन्यांनी परत करा.

काहीही घेत असताना लघवी गडद पिवळी किंवा चहासारखी व्हायला लागली, डोळे पिवळे वाटले, अंगाला विनाकारण खाज सुटली, सारखं मळमळतंय, जेवण जात नाही, तर त्याच दिवशी सगळं बंद आणि डॉक्टरांकडे. "शरीरातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता आत काय घालायचं नाही ते. हे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मैत्रिणीचं जे झालं ते मी बघितलंय. तिने कुठेतरी वाचून लसणाची सोललेली पाकळी दोऱ्याने बांधून रात्रभर आत ठेवली. पाकळीला बारीक चिरा पण दिल्या होत्या, रस उतरावा म्हणून. रात्री दोनला तिचा फोन, आग आग होतेय आणि दोरा ओढला तर हातात नुसता दोराच आला. सकाळी मी सोबत गेले. डॉक्टरांनी चिमट्याने पाकळी काढली, मग तिला छोट्या स्क्रीनवर दाखवलं, पाकळी टेकली होती तिथे पांढरट चट्टा आणि भोवती लालभडक सोललेली जागा. तिची कॉल्पोस्कोपी त्याच आठवड्यात होती. ती पुढे ढकलावी लागली, कारण कॉल्पोस्कोपीत व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पांढरे होणारे भागच शोधतात, आणि इथे भाजल्याने आधीच सगळं पांढरं लाल झालेलं, काय व्हायरसचं आणि काय लसणाचं ते ओळखणार कसं? महिनाभर ती झोपली नाही. उपाय करायला गेली आणि ज्या तपासणीची तिला सगळ्यात जास्त गरज होती तीच लांबली.

म्हणून लसूण नाही, टी ट्री ऑइल नाही, ॲपल सायडर व्हिनेगरचा बोळा नाही, कडुनिंबाच्या पाण्याने आतून धुणं नाही. योनीमार्गात चांगले जंतू असतात, लॅक्टोबॅसिलाय, ते तिथला पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास म्हणजे आंबट ठेवतात आणि तोच आपला पहारा असतो. आतून धुतलं की तो पहारा उठतो आणि दुसरी इन्फेक्शन्स येतात. हातावरच्या चामखिळीसाठी लोक थुजा लावतात, सॅलिसिलिक ॲसिड लावतात, ते खाली लावायचं नाही, तिथली कातडी फार नाजूक असते. आणि ब्लॅक साल्व्ह नावाचं काळं मलम ऑनलाइन मिळतं, ते पेशी जाळतं, चांगल्या वाईट दोन्ही, त्याच्या वाटेलाच जाऊ नका. आयुर्वेदात पिचू (औषधात भिजवलेला बोळा आत ठेवणं) किंवा धावन (काढ्याने आतून धुणं) करतात हे मला माहितीये, ते करायचंच असेल तर शिकलेल्या वैद्यांनी तपासून, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून, व्हिडिओ बघून घरी नाही.

अंगावरून पांढरं जातंय, खाज येतेय म्हणून एचपीव्हीचा काढा घेऊ नका. एचपीव्हीने सहसा काहीच होत नाही, ना खाज ना पांढरं, म्हणूनच तर तो टेस्टमध्येच सापडतो. तुम्हाला बुरशीचं किंवा बॅक्टेरियाचं दुसरंच काहीतरी असेल आणि त्याला साधी, लगेच गुण येणारी औषधं आहेत. छोटे दुखणारे फोड येत असतील तर तो हर्पिस असू शकतो, तो पिशवीच्या तोंडावरही येतो, आणि त्याला ॲसायक्लोव्हिरसारखं औषध आहे, लवकर सुरू केलं तर चांगलं काम करतं. दिवस भरत आले असताना असे फोड आले तर बाळाला धोका असतो, तेव्हा घरी थांबायचंच नाही. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यानंतर परत रक्त, घाण वासाचं पाण्यासारखं जाणं, यातलं काही असेल तर वर्षाची वाट न बघता लगेच दाखवा, मागचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी.

मग त्या वर्षात खरंच उपयोगी काय? सिगारेट असेल तर सोडा. हा कुठल्याही काढ्यापेक्षा मोठा उपाय आहे, निकोटिन पिशवीच्या तोंडाच्या स्रावापर्यंत पोचतं, तिथली प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि व्हायरस टिकतो. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यालाही बाहेर पाठवा. कंडोम वापरा, पूर्ण अडवत नाही पण बिघाड मागे जायला मदत होते असं दिसलंय. लस अजून घेतली नसेल तर डॉक्टरांशी बोला, आत्ता असलेला व्हायरस ती घालवत नाही पण जे प्रकार अजून झाले नाहीत त्यांच्यापासून वाचवते, आणि घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर तिची आधी.

आणि नवऱ्याशी भांडू नका, किंवा त्याने तुमच्याशी भांडू नये म्हणून हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. एचपीव्ही वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, आत्ता सापडला म्हणजे आत्ता झाला असं नसतं. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी याचा कुठला तरी प्रकार होतोच, एकच जोडीदार असलेल्यांनाही. कोणाकडून आला हे सांगणारी टेस्ट नाही.

दुसऱ्या टेस्टचं. तारीख आत्ताच फोनमध्ये टाका, दर दोन महिन्यांनी टेस्ट करत बसू नका, त्याने काही कळत नाही, फक्त जीवाला घोर लागतो. टेस्टच्या आधी ४८ तास आत काहीही नको, क्रीम नाही, गोळी नाही, धुणं नाही, संबंध नाही, आणि पाळीचे दिवस टाळा. जे काही घेत होतात त्याच्या बाटल्या, पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसण्यापेक्षा लेबल दाखवलेलं बरं.

माझा १४ महिन्यांनी निगेटिव्ह आला. दूधहळदीने आला का? मला माहिती नाही, आणि मी घेतली नसती तरी आला असता ही शक्यता जास्त. पुढची टेस्ट मी तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी करणार आहे, कारण निगेटिव्ह म्हणजे टेस्टला सापडला नाही एवढंच, तो कधी कधी दबून बसलेला असतो. तुमचा वर्षाने परत पॉझिटिव्ह आला तर अजून सहा महिने दुसरं चूर्ण करून बघू असं म्हणू नका, तेव्हा कॉल्पोस्कोपीची वेळ झालेली असते. पाच दहा मिनिटांचं काम आहे, थोडं चुरचुरतं, सोबत कुणालातरी घेऊन जा आणि पॅड न्यायला विसरू नका.